शाळेच्या आरोग्यासाठी गाव जोडताना: कोणाकडे, काय, कधी आणि कसं मागायचं

जिल्हा परिषदेच्या शाळेत 'लोकसहभाग' म्हटलं की बहुतेक ठिकाणी सुरुवात वर्गणीपासून होते. यादी निघते: रंगरंगोटी, कमान, स्पीकर, टीव्ही. दाते सापडतात, नारळ फुटतो, फ्लेक्स लागतो. सहा महिन्यांनी पाहावं तर हात धुवायच्या नळाला तोटी नसते, मुलींचं शौचालय कुलपात असतं आणि आरोग्य तपासणीत 'डोळे दाखवून घ्या' असा शेरा मिळालेल्या मुलाला अजून फळ्यावरचं दिसत नसतं. गाव द्यायला तयार होतं. त्याच्याकडे मागायला हवं ते मागितलंच गेलं नाही.

हे मार्गदर्शन मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि गावासाठी धडपडणारी तरुण मंडळी यांच्यासाठी आहे. यात पैशांपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. पाहणी, प्रश्न, ठराव, माणसं, कागद, काम आणि देखभाल, हा तो क्रम. यातली पहिली पायरी गाळून चौथीवर उडी मारली की काम हमखास फसतं.

टप्पा १: आठवडाभर फक्त पाहा

एक वही घ्या. शाळेच्या नेहमीच्या सहा दिवसांत पुढच्या गोष्टी डोळ्यांनी पाहून लिहा. मुलांना हात वर करायला लावून नाही. "हात धुता का रे?" असं विचारलं की सगळा वर्ग "होऽऽ" म्हणतो, त्यावरून काहीच कळत नाही.

- पाणी: टाकी कधी भरते, कोण भरतं, झाकण आहे का, दुपारपर्यंत पाणी पुरतं का, किती मुलं घरून बाटली आणतात.
- शौचालय: कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे असते, आतून कडी लागते का, बादली-मग आहे का, नळाला पाणी येतं का.
- हात: खिचडीआधी किती मुलं हात धुतात, त्यातली किती साबणाने.
- जेवण: कोणती मुलं अर्धं ताट टाकतात, कोणती दुसऱ्यांदा मागतात, सकाळी उपाशी कोण येतं.
- सुट्टी: फाटकाबाहेरच्या दुकानातून मुलं काय घेतात.
- गैरहजेरी: हजेरीपटात नुसता 'गैरहजर' शेरा असतो. शेजारी कारण लिहा: ताप, जुलाब, दातदुखी, घरी लहान भावंड सांभाळणं.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून पाहा. सहावी-सातवीच्या मुली दिवसभरात पाणी किती वेळा पितात? शौचालय वापरण्याजोगं नसेल तर त्या घरून निघतानाच पाणी टाळतात आणि संध्याकाळपर्यंत तशाच राहतात. ही गोष्ट त्या मुख्याध्यापकांना कधीच सांगणार नाहीत. शाळेत शिक्षिका नसतील तर आशाताईंना किंवा समितीतल्या एखाद्या आईला त्यांच्याशी निवांत बोलू द्या.

वजन-उंचीही याच आठवड्यात घ्या. वजनकाटा आणि उंचीमापक अंगणवाडीत असतं, ते मागून आणा आणि मोजायला अंगणवाडीताईंनाच बोलवा. गावाशी पहिली भागीदारी इथेच सुरू होते, तीही एक रुपया न मागता.

तपासा: वहीत आकडे आहेत का? 'स्वच्छतेचा अभाव' ही नोंद नव्हे. 'मंगळवारी ११८ पैकी २३ मुलांनी साबणाने हात धुतले' ही नोंद झाली.

टप्पा २: एकच प्रश्न निवडा

पाहणीत दहा गोष्टी सापडतील. पहिल्या वर्षी एक घ्या, फार तर दोन. निवडताना तीन गोष्टी पाहा: मुलांच्या अंगावर त्याचा परिणाम दिसतोय का, गावातल्या माणसांच्या हातात त्यावर उपाय आहे का आणि तीन-चार महिन्यांत काही फरक दाखवता येईल का.

प्रश्न एका वाक्यात मांडा आणि त्यात वस्तू आणू नका. 'आम्हाला वॉटर प्युरिफायर हवा' ही मागणी झाली. 'टाकीतल्या पाण्यात क्लोरिन सापडत नाही आणि पावसाळ्यात मुलांना जुलाब होतात' हा प्रश्न झाला. मागणी घेऊन गेलात तर लोक खिशाकडे पाहतात. प्रश्न घेऊन गेलात तर कोणीतरी म्हणतं, "अहो, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर तर पंचायतीत पडूनच आहे, पाण्याचं पाहणाऱ्या जलसुरक्षकाला सांगतो." पाऊण लाखाचं यंत्र मागायला निघालेल्या शाळेचं काम असं पंचायतीतल्या एका पोत्यावर भागू शकतं.

टप्पा ३: हक्काचं कोणतं आणि वर्गणीचं कोणतं, ते वेगळं करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सरकारी यंत्रणेचं जे काम आधीच ठरलेलं आहे ते शाळा वर्गणीतून करून घेतात. मग पैसे जातात आणि यंत्रणाही सुटते. म्हणून कागदाच्या दोन बाजू करा.

एका बाजूला हक्काच्या गोष्टी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, ज्याला सगळे आरबीएसके म्हणतात, शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीला येतं. पुढचा उपचार मोफत असतो, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही. जंतनाशक गोळी आणि आठवड्याची लोहगोळी आरोग्य खात्याकडून येते. पाण्याचं शुद्धीकरण आणि तपासणी ग्रामपंचायतीकडे आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या वर्षांसाठीच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता. शाळेच्या शौचालयातलं पाणी हा विषय त्यात नीट बसत होता, फक्त तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात लिहिलेला असावा लागत होता.

दुसऱ्या बाजूला माणुसकीच्या गोष्टी, म्हणजे वेळ, वाहन, हातातलं कसब, जागा, थोडे पैसे. प्लंबिंग जाणणारा माजी विद्यार्थी, दूध सोसायटीची गाडी, बचत गटाच्या बायकांचा आठवड्यातला एक तास, शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी, तरुण मंडळाचं एका रविवारचं श्रमदान.

खासगी रुग्णालयाचं 'मोफत शिबिर' आलं तर लगेच हो म्हणू नका. आधी आरबीएसके पथकाला विचारा: या वर्षीची तपासणी झाली आहे का, काय आढळलं होतं? तीच मुलं पुन्हा तपासून, पुन्हा चिठ्ठ्या देऊन, पुढे कोणी विचारायचं नाही, अशी शिबिरं मुलांच्या काही उपयोगाची नाहीत. पाठपुराव्याची लेखी हमी मिळत असेल तरच बोलवा.

सावध: हक्काच्या कामासाठी वर्गणी मागितली आणि नंतर गावाला कळलं की ते फुकटच होतं, तर पुढची पाच वर्षं कोणी खिशात हात घालणार नाही.

टप्पा ४: समितीची बैठक खरी घ्या

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदावर त्या असतातच. इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या की बैठक 'झाली' असं होतं आणि तिथेच भागीदारी संपते. ज्या आईने सही करताना विषयच ऐकला नाही, ती उद्या शौचालयाच्या किल्लीची जबाबदारी घेणार नाही.

वेळ आयांना विचारून ठरवा. बाजाराचा दिवस टाळा. मजुरीवर जाणाऱ्या बायकांना सकाळी ११ ची बैठक म्हणजे बुडालेला रोज. संध्याकाळी कामावरून आल्यावर, चूल पेटायच्या आधीचा पाऊण तास बऱ्याच ठिकाणी सोयीचा पडतो. वस्तीवरच्या, पाड्यावरच्या पालकांसाठी एखादी बैठक तिकडेच घ्या.

बैठकीत वहीतले आकडे वाचून दाखवा आणि गप्प बसा. उपाय आधी पालकांना सुचवू द्या. मग ठराव लिहा. ठरावात चार गोष्टी हव्यात: प्रश्न, काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. नमुना असा:

"शाळेतील मुलींच्या शौचालयात पाणी येत नसल्याने मुली त्याचा वापर करत नाहीत. टाकीपासून शौचालयापर्यंत पाइप टाकणे व दोन नळ बसवणे यासाठी ग्रामपंचायतीस लेखी विनंती करावी. पाठपुरावा समितीच्या उपाध्यक्षा व मुख्याध्यापक करतील. मुदत: ३१ ऑगस्ट. पाणी सुरू झाल्यावर रोजची पाहणी पालक सदस्य आळीपाळीने करतील."

तपासा: ठरावात ज्यांची नावं आहेत त्यांनी बैठकीत स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हटलं आहे का?

टप्पा ५: माणसं एकेक करून गाठा

सगळ्यांना एकदम सभेला बोलावून आवाहन करण्यापेक्षा एकेकाच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जा. मुख्याध्यापक एकटे गेले तर ते 'सरांचं काम' वाटतं. सोबत समितीतल्या दोन आया असल्या की तेच काम गावचं होतं.

प्रत्येकाकडे त्याच्या हातात असलेलं, मोजता येणारं एकच काम मागा. "शाळेकडे लक्ष असू द्या" असं म्हणालात तर समोरचा मान डोलावतो आणि विसरतो.

ग्रामसेवकांना: "टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरिनची तपासणी, दर सोमवारी शाळेत व्हावी आणि निकाल शाळेच्या वहीत लिहावा." उरलेलं क्लोरिन निदान ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) असायला हवं, हे पाचवीतल्या मुलांनाही नळीतला पिवळा रंग पाहून शिकवता येतं.

आरोग्यसेविका किंवा उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना): "महिन्यातून एक तास आमच्या मोठ्या मुलींसाठी द्या. कोणता वार जमेल तो तुम्हीच सांगा." आरोग्य खात्याच्या माणसांकडे लसीकरण, भेटी, अहवाल यांचा भार मोठा असतो. आपण वार ठरवून त्यांना बोलावलं तर ते येऊ शकत नाहीत, आणि मग 'दवाखान्याचे लोक येत नाहीत' अशी तक्रार सुरू होते.

बचत गटाच्या ग्रामसंघाला: "आठवड्यातून एकदा एका ताईंनी खिचडी वाढायच्या आधी चव घ्यावी आणि चव नोंदवहीत सही करावी." स्वयंपाकी ताईंना हे आधी नीट सांगा, नाहीतर पाळत ठेवल्यासारखं वाटतं. मानधन तुटपुंजं, वेळेवर मिळण्याची खात्री नाही, धूर आणि चटके रोजचे. ज्या बाईच्या हातचं मुलं जेवतात तिला या कामात पहिलं बोलवा, शेवटी नाही.

दूध सोसायटी, विकास सोसायटी, दुकानदार, बाहेरगावी नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी यांच्याकडे पैशांची गोष्ट करायची असेल तर रक्कम, वस्तू आणि दुकानाचं दरपत्रक सोबत न्या. कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीचं स्वप्न पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. तो बहुधा असा निधी घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच येतो, त्याला अर्ज-अहवाल लागतात आणि तोवर तुमची शाळकरी मुलं दोन इयत्ता पुढे गेलेली असतात.

टप्पा ६: ग्रामसभेआधीच विषय पोहोचवा

ग्रामपंचायतीच्या आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्याच दिवशी ग्रामसभेत उभं राहून शाळेचा विषय काढला तर तो 'आयत्या वेळचा' ठरतो. म्हणून सप्टेंबरमध्येच समितीच्या ठरावाची प्रत जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. विषयपत्रिकेत नाव आलंय का ते नोटीस लागल्यावर पाहा. त्याआधी महिला सभा होते, तिथे समितीतल्या आयांनी विषय मांडला तर पुढचं काम निम्मं होतं.

ग्रामसभा झाली की ठरावाची नक्कल मागून घ्या. "झालं, लिहून घेतलंय" यावर विसंबू नका. आराखड्यात काम कोणत्या नावाने आणि किती रकमेचं गेलं, तेही पाहा. 'शाळा दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं असेल तर उद्या त्यात फरशी बसेल आणि नळ राहून जाईल.

शहरातल्या महापालिकेच्या शाळांना ग्रामसभा नसते. तिथे प्रभाग कार्यालय, नागरी आरोग्य केंद्र आणि वस्तीतले बचत गट यांच्यापासून सुरुवात करा. बाकीचा क्रम तोच.

टप्पा ७: एक पानी कागद करा

जो कोणी काही देतोय किंवा करतोय, त्याच्याशी एका पानावर लिहून घ्या. त्यात माणसाबद्दल अविश्वास नसतो. दोन वर्षांनी मुख्याध्यापक बदलून गेलेले असतात, सरपंच नवे असतात, तेव्हा तेवढाच कागद बोलतो. कोण काय देणार, कधी, बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार आणि खर्च कोणाचा, नाव कुठे आणि केवढं लागणार, एवढं पुरे.

नाही म्हणायच्या गोष्टीही आधी ठरवून ठेवा. तंबाखू, गुटखा, दारू यांच्याशी संबंध असलेल्यांचा पैसा किंवा जाहिरात नको. वेफर्स, शीतपेयं, गोळ्या-बिस्किटं वाटून जाणारा 'आरोग्य दिन' नको. दानातून आलेल्या खाण्याच्या वस्तूंची मुदत आणि वेष्टन तपासल्याशिवाय वाटप नको.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत कसलीही भीड बाळगू नका. बाहेरून येणारा कोणीही, मग तो दाता असो, स्वयंसेवक असो वा शिबिराचा डॉक्टर, मुलांसोबत एकटा राहणार नाही. तपासणीला शिक्षिका किंवा आई हजर हवी. मुलींच्या तपासणीला स्त्री डॉक्टर हवी. पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नाही, आणि आजारी किंवा कमी वजनाच्या मुलांचा तर मुळीच नाही. एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. गावात 'मिटवून घ्यायचा' तो विषय नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा (चाइल्ड हेल्पलाइन) क्रमांक भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहा.

टप्पा ८: कामाला हात

दोन कामं जवळून पाहू. पहिलं सोपं आहे, दुसरं अवघड.

*हात धुण्याची सोय.* हिशेब नळांचा करा. १२० मुलं, १० नळ आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तर सगळे सहा मिनिटांत धुऊन होतात. नळ दोन असतील तर अर्धा तास लागेल, म्हणजे कोणी धुणार नाही. सलग आडव्या पाइपला तोट्या बसवा, पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एक ओळ खाली. अर्धा लिटर प्रत्येकी धरलं तरी एका जेवणाला ६० लिटर पाणी लागतं, ते कुठून येणार हे आधी पाहा. साबणाची वडी सुटी ठेवली की चिखलात जाते किंवा गायब होते. नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पिशवीत वडी घालून ती दोन नळांच्या मधोमध दोरीने बांधा. जाळीवर हात चोळला की फेस येतो आणि वडी बरेच दिवस पुरते. सांडपाणी चर काढून परसबागेत सोडा. शेवगा, कढीपत्ता, अळू त्यावर येतात आणि खिचडीत पडतात.

*आरबीएसकेची तपासणी आणि पुढचा पाठपुरावा.* शाळेचं आरोग्य सुधारायचं असेल तर गावाने सगळी ताकद इथे लावावी, असं माझं ठाम मत आहे. तपासणी होते, चिठ्ठी मिळते, चिठ्ठी दप्तरात चुरगळते आणि पुढच्या वर्षी पथकाला तेच मूल तसंच सापडतं.

तपासणीआधी: पथकाची तारीख प्राथमिक आरोग्य केंद्राकडून किंवा पथकाकडूनच कळून घ्या. आदल्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी स्वतःची यादी करावी: पुस्तक नाकाला लावून वाचणारं मूल, पळताना लवकर धाप लागणारं, कान वाहणारं, हाक मारली तरी न वळणारं, परिपाठात उभं असताना चक्कर येणारं, बोलताना अडखळणारं. पथकाकडे शंभर मुलांसाठी जेमतेम एक दिवस असतो. शिक्षकाने वर्षभर पाहिलेलं त्यांना कोणी सांगितलं तर नेमकी मुलं नीट तपासली जातात. त्या दिवशी आलेली आई मुलाच्या लहानपणच्या आजाराबद्दल सांगू शकते, म्हणून यादीतल्या मुलांच्या पालकांना खास निरोप द्या.

तपासणीनंतर त्याच संध्याकाळी एक तक्ता बनवा: नाव, काय आढळलं, कुठे पाठवलं, कधी गेलं, काय झालं. शेवटचे दोन रकाने रिकामे असतात. ते भरणं हेच भागीदारीचं काम. तक्ता मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील, भिंतीवर नाही आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. परिपाठात 'रक्त कमी असलेल्यांनी पुढे या' असं म्हणणं क्रूर आहे.

मग एक दिवस ठरवा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात डोळ्यांची, दातांची तपासणी कोणत्या वारी असते, ते आशाताई किंवा पथक सांगेल. त्या दिवशी सगळी मुलं एकाच गाडीतून न्या. गाडी सोसायटीची, डिझेल एखाद्या दात्याचं, सोबत आशाताई आणि शक्यतो प्रत्येक मुलाचा एक पालक. चिठ्ठी, आधार कार्ड, रेशन कार्ड यांच्या प्रती आदल्या दिवशीच एका पिशवीत गोळा करा. निम्म्या फेऱ्या कागद घरी राहिल्याने वाया जातात. एकेका बापाला मजुरी बुडवून, एसटीने तालुक्याला जाऊन, 'आज डॉक्टर नाहीत' ऐकून परत यावं लागतं. दुसऱ्यांदा तो जात नाही, आणि त्याला बेफिकीर म्हणणं बरोबर नाही.

पुढचे अडथळे घरात असतात. मुलीला चष्मा लागला तर 'उद्या लग्नाचं कसं' ही काळजी आजीला असते. तिथे शिक्षकाचं भाषण चालत नाही. गावातली चष्मा लावणारी, शिकून नोकरीला लागलेली कोणाची तरी लेक-सून घरी जाऊन बोलली तर चालतं. हृदयाचा दोष निघालेल्या मुलाच्या घरी शस्त्रक्रियेच्या नावानेच हातपाय गळतात. त्या घरच्यांची जिल्हा रुग्णालयातल्या, मुलांच्या जन्मजात दोषांच्या उपचाराचं पाहणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राशी गाठ घालून द्या आणि पहिल्या भेटीला सोबत जा.

बीड, अहिल्यानगर, जालना अशा भागांत दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं निघतात. त्यांच्या मुलांची तपासणी आणि रुग्णालयाची फेरी त्याआधी झाली पाहिजे. तारीख पुढे ढकलली तर ज्यांना सगळ्यात गरज आहे तीच मुलं सुटतात. निघताना चिठ्ठीचा फोटो पालकांच्या फोनमध्ये पाठवून ठेवा.

तपासा: तपासणीनंतर दोन महिन्यांनी तक्त्यातला 'काय झालं' हा रकाना किती मुलांचा भरला? वर्षभरात एकच आकडा मोजायचा असेल तर हा मोजा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. जंतनाशक गोळी चावून खायची आणि त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला द्यायची नाही. लोहाची गोळी उपाशीपोटी नाही, खिचडीनंतर. पहिली ते पाचवीला गुलाबी, त्यापुढच्यांना निळी. शौचाला काळी होणं, थोडं मळमळणं हे पालकांना आधीच सांगितलेलं असलं तर एका मुलाला उलटी झाली म्हणून अख्खं गाव शाळेवर धावून येत नाही. गोळीच्या दिवशी आरोग्यसेविकेचा फोन लागतो ना, एवढं सकाळीच पाहा.

टप्पा ९: फाटकासमोरचं दुकान

हा विषय नाजूक आहे, म्हणून तो पहिल्याच वर्षी घेऊ नका. कायदा स्पष्ट आहे: २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, आणि १८ वर्षांखालच्यांना कुठेही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरमध्ये जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ मुलांना विकायला मनाई आहे.

पण दुकानदार गावचाच असतो, बहुधा त्याचंही मूल शाळेत असतं. पहिल्यांदा आयांनी जावं, नुसतं बोलायला. सोबत पर्याय न्यावा: फुटाणे, शेंगदाणे, चिक्की, केळी, हंगामात पेरू आणि बोरं. बचत गटाने चिक्की पुरवली तर दुकानदाराचा गल्ला बुडत नाही. ऐकलं नाही तर समितीचा ठराव, मग ग्रामपंचायतीची नोटीस, त्यानंतर पोलीस पाटील.

सावध: मुलांचा मोर्चा दुकानावर नेऊ नका. त्याच दुकानातून घरचं तेल-मीठ उधारीवर येतं. मोठ्यांचं भांडण मुलांच्या खांद्यावर टाकायचं नाही.

शाळेतल्या मोठ्यांनी तंबाखू सोडली आहे का, हे मात्र याच्याही आधी पाहायला हवं. मुलं सगळं पाहत असतात.

टप्पा १०: देखभाल, हिशेब आणि पुढच्यांच्या हाती देणं

आलेला प्रत्येक रुपया समितीच्या खात्यात किंवा पावतीवर. रोख हातात घेऊन 'नंतर लिहू' नको, रक्कम पाचशेची असली तरी. जमाखर्चाचा कागद दर तीन महिन्यांनी फलकावर लावा. वस्तूरूपाने आलेलं साठा नोंदवहीत चढवा.

महिन्यातून एकदा समितीतल्या दोन पालकांनी फेरी मारायची: तोट्या चालू, साबण जाग्यावर, शौचालय उघडं आणि पाणी सुरू, टाकी कधी धुतली त्याची तारीख. दहा मिनिटांचं काम आहे. शौचालयाची किल्ली पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली आढळली तर ती फेरी नापास समजा.

टाकी धुण्याची, तोटी बदलण्याची छोटी रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढा. नवीन वस्तूला दाता मिळतो, तीस रुपयांच्या वायसरला मिळत नाही, आणि त्या वायसरअभावी नळ चार महिने बंद राहतो.

मुख्याध्यापकांची बदली, सरपंचांची निवडणूक आणि समितीची मुदत, या तीन वेळांना काम मोडतं. त्यासाठी एक फाइल वेगळी ठेवा. पाहणीची वही, समितीचे ठराव, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, एक पानी करार, पाण्याच्या तपासणीच्या नोंदी, पाठपुराव्याचा तक्ता आणि कोणाला कधी फोन करायचा याचं पान. तक्त्यात मुलांची नावं आहेत, म्हणून तो बंद पाकिटात, नव्या मुख्याध्यापकांच्या हातात थेट द्यायचा. बदलीचा आदेश आला की पदभाराच्या यादीत या फाइलची स्वतंत्र नोंद करा आणि जाण्याआधी नव्या सरांना किंवा बाईंना घेऊन आशाताई, ग्रामसेवक आणि समितीच्या अध्यक्षांकडे एकदा जाऊन या.